‘नव्या घरात गेल्यावर बघू’

पत्राचा सारांश : वय ४४, बी. कॉम., फोर्टमधल्या एका खासगी ऑफिसात अकाउंट्सचं काम. लालबागची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केली त्याला साडेचार वर्षं झाली. काम प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर गेलेलं नाही, बिल्डरकडून येणारं भाडंही मधूनमधून रखडतं. तोवर मुलासह मुक्काम डोंबिवलीत. जीडीसी अँड ए, म्हणजे सरकारी सहकार व लेखा पदविका घेऊन हाउसिंग सोसायट्यांच्या ऑडिटची कामं करावीत अशी या ताईंची जुनी इच्छा आहे. तीनदा अभ्यास सुरू केला, तिन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत सुटला. त्या लिहितात : ‘वडील गिरणीत साचेखात्यात होते. संपानंतर कितीतरी वर्षं म्हणायचे, भोंगा पुन्हा वाजेल. आता मीही तशीच बसून आहे. अर्धं सामान अजून खोक्यांत बांधलेलं आहे, नव्या घरात गेल्यावर उघडू म्हणून. जाऊ म्हणते, जुनं सोडा, आजचा दिवस जगा. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, स्वप्नांचे फोटो भिंतीवर लावा, म्हणजे जिद्द येईल. दोन्ही करून पाहिलं. चाळीत असताना आमच्या बचत गटाचा हिशेब मी नऊ वर्षं एकही महिना न चुकवता लिहिला, पण स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की हात चालत नाही. माझ्यात जिद्दच नाही का?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. नऊ वर्षं, एकही महिना न चुकवता. म्हणजे शंभरावर महिने. ज्या बाईत जिद्द नाही तिच्या हातून हे होत नाही. त्यामुळे ‘जिद्द आहे की नाही’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. हात तिथे का चालायचा आणि इथे का चालत नाही, ते पाहू.

आधी वडिलांविषयी, कारण त्यांच्याबद्दल तुम्ही जरा कठोरपणे लिहिलंय. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि ‘संपलं’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही. ज्या वाट पाहण्याला शेवटची तारीख नसते तिच्यात माणूस दुसरं काही नीट सुरू करू शकत नाही. आज सुरू करावं आणि उद्या भोंगा वाजला तर? तुमच्या वडिलांकडे उद्या होता, पण त्या उद्याची चावी दुसऱ्याच्या खिशात होती. तुमचंही आज तेच झालंय. याला स्वभावदोष म्हणता येणार नाही.

भरवसा आणि चिकाटी यांचं नातं दाखवणारा एक प्रयोग सांगते. मुलांसमोर मार्शमेलो नावाची मिठाई ठेवायची आणि ‘थांबलास तर दोन देईन’ म्हणायचं, हा जुना प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो. जो थांबतो त्याच्यात संयम आहे, तो पुढे जातो, असा त्याचा अर्थ लावला जायचा. २०१३ साली सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याला एक पायरी जोडली. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. आधी प्रत्येकाला वापरून झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थोडा थांब, चांगले आणून देते. निम्म्या मुलांना खरंच चांगले मिळाले. उरलेल्या निम्म्यांना ‘चुकलं हं, नाहीयेत’ असं सांगून तेच जुने खडू वापरायला लावलं. स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. मग मिठाई समोर ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं ती तीन मिनिटं. पहिल्या १४ जणांतली ९ मुलं पूर्ण पंधरा मिनिटं बसून राहिली, दुसऱ्या १४ जणांतलं फक्त एक.

प्रयोगाआधीच्या काही मिनिटांत ही मुलं काही आळशी किंवा उतावळी झाली नव्हती. ‘नंतर’ या शब्दावर विसंबायचं की नाही, हे त्यांनी अनुभवावरून ठरवलं. तुम्ही साडेचार वर्षं ‘पुढच्या दिवाळीत ताबा’ ऐकताय. या काळात तुमच्या मनाने भविष्यात गुंतवणूक कमी केली असेल, तर त्यात मला वेडेपणा दिसत नाही. घोटाळा एवढाच झालाय की बिल्डरच्या तारखेवरचा अविश्वास परीक्षेच्या तारखेवरही सांडलाय. ‘नव्या घरात गेल्यावर’ या एका वाक्यात तुम्ही खोकी, अभ्यास, ऑडिटची कामं, बहुधा आणखीही बरंच काही बांधून ठेवलंय.

म्हणून पहिलं काम. एक कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. ज्या गोष्टी तुम्ही घराच्या ताब्यावर टांगल्यात त्या सगळ्या डावीकडे लिहा. मग एकेकीसमोर विचारा : ताबा नसताना ही खरंच अडते का? देवघराची जागा अडते. मुलाचं अभ्यासाचं टेबल कदाचित अडतं. परीक्षा अडत नाही, ती साधारण मे महिन्यात होते आणि तिला तुमच्या इमारतीचा किती मजल्यांचा स्लॅब पडलाय याच्याशी काही देणंघेणं नाही. जे अडत नाही ते उजवीकडे न्या आणि त्यापुढे तुमच्या हातातली तारीख घाला. बिल्डरचा विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही, त्याला ठरलेला वार द्या. तीन महिन्यांतून एकदा, समजा पहिल्या शनिवारी, महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीत पूर्णत्वाची प्रस्तावित तारीख बदलली का ते पाहायचं, सोसायटीच्या सेक्रेटरींना एक फोन करायचा, भाड्याची थकबाकी वहीत मांडायची. मधल्या काळात व्हॉट्सॅप ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक अफवेवर दिवस खर्च करायचा नाही.

आता जाऊबाई आणि मैत्रीण. दोघींचं म्हणणं तुमच्या काळजीपोटीच आहे, पण दोन्ही सल्ले अर्धे आहेत.

फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली माणसाची काळाकडे पाहण्याची नजर मोजण्यासाठी ५६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वर्तमान एक नाही, दोन आहेत. एक चव घेणारं : आजची मैफल, आजचा पाऊस. दुसरं हात टेकलेलं : जे व्हायचं ते होईल, माझ्या करण्याने काय होणार. ‘आजचा दिवस जगा’ म्हणणाऱ्या जाऊबाईंना पहिलं अभिप्रेत असणार. तुमच्या पत्रात मला दुसरं दिसतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत माणूस उद्याचं बोलत नाही. ओळखायची खूण साधी आहे : रविवार संपल्यावर ताजंतवानं वाटतं की एक दिवस निघून गेला म्हणून सुटल्यासारखं वाटतं? सुटल्यासारखं वाटत असेल तर आणखी ‘आजचा दिवस जगून’ उपयोग नाही. तुमच्या करण्याने काहीतरी हलतं, याचा छोटा पुरावा हवा.

त्याच प्रश्नावलीत भूतकाळही दोन आहेत, बोचणारा आणि ऊब देणारा. ‘जुनं सोडा’ म्हणताना दोन्ही फेकले जातात. त्यावर पुढे येते.

भिंतीवरच्या फोटोंचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी बरीच वर्षं नेमका हाच विषय अभ्यासला आहे. इच्छा पूर्ण झाल्याचं नुसतं गोड चित्र रंगवत बसलं तर अंगातला जोर उलट कमी होतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. मन ते सुख आधीच थोडं चाखून घेतं आणि सैल पडतं. फोटो काढून टाकायची गरज नाही, पण त्याच्या शेजारी अडथळा लिहा आणि क्रम पाळा : आधी इच्छा, लगेच अडथळा. अडथळाही आतला आणि नेमका हवा. ‘वेळ नाही’ हा अडथळा मोघम आहे. ‘रात्री भांडी आवरल्यावर मोबाइल हातात घेते आणि साडेदहा वाजतात’ हा नेमका. ओटिंगेन यांच्याच मते, अडथळा मांडल्यावर इच्छा अशक्य वाटू लागली तर ती सोडणं किंवा पुढे ढकलणं हाही चांगलाच निकाल आहे. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बचत गटाच्या वहीकडे चला. ती तुमचा ऊब देणारा भूतकाळ आहेच, शिवाय त्यात कृती सापडते. ते काम का चाललं? अशा गटांचं काम जसं चालतं त्यावरून अंदाज बांधते, तुम्ही पडताळून पाहा. महिन्याची एक ठरलेली तारीख होती. त्या तारखेला दहा-पंधरा बायका पासबुकं घेऊन दारात यायच्या, म्हणजे कुणीतरी तुमची वाट पाहत होतं. रक्कम लहान होती, एका बसण्यात लिहून व्हायची. त्याच संध्याकाळी रोकड आणि वही जुळायची, चूक असेल तर तिथेच कळायची. नऊ वर्षांचा संकल्प तुम्ही कधी सोडलाच नव्हता, प्रत्येक वेळी फक्त एका महिन्याचं भविष्य तुमच्यासमोर होतं. परीक्षेच्या अभ्यासात यातलं काहीच नाही. तारीख लांब, वाट पाहणारं कुणी नाही, घास मोठा आणि ताळा निकालाच्या दिवशी.

अल्बर्ट बँड्युरा आणि डेल शंक यांनी १९८१ साली वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांवर हेच तपासलं. सात बैठकी, वजाबाकीची ४२ पानं. काही मुलांना सांगितलं, प्रत्येक बैठकीत सहा पानांचं लक्ष्य ठेवा. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं करायची आहेत. काहींना लक्ष्यच दिलं नाही. सहा-सहा पानांची मुलं गणितात आणि आत्मविश्वासात स्पष्ट पुढे गेली. ४२ पानांचं लक्ष्य मिळालेल्यांची गत लक्ष्य नसलेल्यांपेक्षा फारशी बरी नव्हती. तुमच्या तिन्ही प्रयत्नांत तुम्ही स्वतःला ४२ पानंच सांगितली होती.

तेव्हा अभ्यासाला बचत गटासारखं लावून घ्या. आठवड्याचा हप्ता ठरवा आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता कुणाला तरी दाखवा. गटातली एखादी जुनी मैत्रीण फोनवर चालेल. तिला विषय कळायची गरज नाही, फक्त ‘या आठवड्यात किती?’ एवढं विचारायचं. मुलाला हे काम देऊ नका. तो दहावीत असेल किंवा नसेल, आईने त्याला उत्तर द्यायचं म्हटलं की आठवडाभरात चेष्टा तरी होते नाही तर भांडण.

हप्ता किती ठेवायचा? इथेच बहुतेकांचं गणित फसतं. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. लागले ५५च्या वर. आपण सांगितलेल्या दिवसांत पूर्ण करणारे एक तृतीयांशसुद्धा नव्हते. आपण उद्याचा अंदाज बांधताना उद्याकडेच पाहतो, मागच्या वेळी काय झालं ते धरतच नाही. म्हणून तुमचा जो अंदाज असेल त्याची सव्वापट नको, दीडपटीच्या थोडं वर, १.६ने गुणा.

करून दाखवते. परीक्षेचे पेपर सहा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत साधारण ३० आठवडे, म्हणजेच ३० रविवार. रविवारांतच मोजा, ‘सात महिने’ म्हटलं की खूप वाटतात. त्यातून दिवाळी, मार्च अखेरचं क्लोजिंग, घरातली आजारपणं, लग्नकार्यं यांचे सहा आठवडे आताच वजा करा. राहिले २४. म्हणजे एका पेपराला चार आठवडे. तुम्ही मनात धरलं असेल, एक पेपर तीन आठवड्यांत होईल. १.६ने गुणलं की जवळपास पाच. पाच सक तीस, आणि हातात २४. रोजचं काम अकाउंट्सचंच असल्याने त्या पेपराला कमी वेळ लागेल, तरी येता मे घट्ट आहे.

हे वाचून खचू नका, आणि आजच काही ठरवूही नका. कामाचे आठ आठवडे अभ्यास करा. आठव्या रविवारी दोन पेपर वाचून, प्रश्न सोडवून झाले असतील तर येत्या मेसाठी बसा. दीडच झाला असेल तर त्याच दिवशी पुढच्या वर्षीचा मे वहीत लिहा आणि त्याच वेगाने चालू ठेवा. मोजून पुढे ढकललेली तारीख आणि ‘बघू’ यांत फार फरक आहे. पहिलीत पुढच्या रविवारचा हप्ता तसाच राहतो.

वेळ कुठून काढायचा, तर गाडीतून. पण सकाळी डोंबिवलीहून लेडीज डब्यात पुस्तक उघडणं शक्य नाही, हे कबूल करूनच आखा. सकाळी ऐकायचं. आदल्या रविवारी सहकार कायद्यातली आठवड्याची कलमं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा : कलम क्रमांक, चार सेकंद गप्प, मग आशय. त्या चार सेकंदांत मनात उत्तर द्यायचं. नुसतं ऐकलं तर दिवा स्टेशनपर्यंतच मन दुसरीकडे जातं, प्रश्न असला की टिकतं. परतीला सीएसएमटीला एक गाडी सोडली तर बसायला मिळतं. घाटकोपरपर्यंत वाचन, मग डोळे मिटायचे. घाटकोपरनंतर पुस्तक उघडं ठेवायचं नाही, अगदी ओळ अर्धी राहिली तरी. दमलेल्या अंगाने ठाण्याच्या पुढे ताणत नेलेला अभ्यास चौथ्या दिवशी पूर्ण बंद पडतो. अकाउंट्सची गणितं गाडीत नकोतच, त्यांना टेबल आणि कॅल्क्युलेटर लागतो, ती रविवारच्या अडीच तासांत.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलेली एक गोष्ट यात फार कामाची आहे. ‘रोज अभ्यास करीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलेलं वाक्य जास्त पाळलं जातं, कारण त्या क्षणी ठरवत बसावं लागत नाही. तुमची दोन वाक्यं : ‘गाडीत चढले की कानाला इअरफोन’, ‘सीट मिळाली की पुस्तक’. तिसरं चुकल्यासाठी ठेवा, ते बहुतेक जण विसरतात : ‘दोन दिवस सुटले तर तिसऱ्या दिवशी फक्त पाच कलमं, बुडालेलं भरून काढायचं नाही’. बुडालेलं भरून काढण्याच्या नादातच पंधराव्या दिवशी डोंगर उभा राहतो. पाडवा किंवा १ जानेवारीला सुरुवात करायला जोर येतो हे खरं आहे, पण असा दिवस गाडी फक्त सुरू करून देतो. तुमची गाडी दर वेळी सोळाव्या-सतराव्या दिवशी अडली, म्हणून सोय त्या दिवसाची हवी.

आणि ते तीन सुटलेले प्रयत्न. त्यांचा बोचणारा भूतकाळ उगाळत बसू नका, तसेच झाकूनही ठेवू नका. अकाउंटंट आहात, त्यांची लेजर मांडा. तीन ओळी, चार रकाने : कधी सुरू केलं, रोज किती ठरवलं, कोणत्या दिवशी तुटलं, त्या आठवड्यात घरात काय चालू होतं. ‘मी आळशी’ ही नोंद चालणार नाही, तिला व्हाउचर नाही. ‘साफसफाई सुरू झाली’, ‘भाडं थकलं, रात्री झोप नव्हती’ अशी नोंद हवी. मग खातं बंद करा. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. स्वतःला फटके मारल्याने शिस्त येते हा आपल्याकडचा समज फार पक्का आहे. तो तपासून बघाच.

एक काळजीने विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालीय, जेवण जात नाही, पूर्वी आवडायचं तेही नकोसं झालंय, जगण्यात अर्थ वाटत नाही असं असेल तर वरचं सगळं थांबवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तशा वेळी वेळापत्रक आखणं म्हणजे तापात पळायला सांगणं.

ज्यांचं आयुष्य म्हाडाच्या सोडतीवर, मुलाच्या बारावीवर किंवा गावच्या जमिनीच्या निकालावर टांगलेलं आहे त्यांनीही रेघ मारलेला तो कागद करून पाहावा. डावीकडून उजवीकडे निदान एक गोष्ट सरकते. पुस्तकांची गरज नसलेली गोष्ट असेल तर आणखी बरं : सकाळचं चालणं, दुखरा गुडघा दाखवणं, भावाला फोन.

तुमच्या बाबतीत मात्र पुस्तकं लागतील आणि ती बहुधा त्या बांधलेल्या खोक्यांतच आहेत. येत्या रविवारी एकच खोकं उघडा. अकाउंट्सचं जुनं पुस्तक चालेल, ते वर काढा. सहकार कायद्याचं जुनं मात्र वापरू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चा असला तरी २०१३ साली त्यात मोठे बदल झाले आणि हाउसिंग सोसायट्यांसाठीचं वेगळं प्रकरण, तेरा-ब, २०१९ साली आलं. तुम्हाला ऑडिट याच सोसायट्यांचं करायचंय, म्हणून तेरा-ब असलेली आवृत्ती फोर्टातल्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्या. रेकॉर्डिंग त्याच प्रकरणापासून सुरू करा. रिकामं झालेलं खोकं परत माळ्यावर ठेवू नका, रद्दीत द्या.